बाळ किती शब्द बोलतं? एक ते तीन वर्षांच्या मुलाची भाषा मोजायची, वाढवायची आणि तपासायची कशी

बाळ दीड वर्षाचं झालं की येणारा-जाणारा विचारतो, 'बोलायला लागलं का?' मग आई-बाबा बोटांवर मोजू लागतात: आई, बाबा, मम्मम, भूभू, टाटा... आणि गाडं पाचावर अडलं की पोटात गोळा येतो. हा आकडा निरुपयोगी नाही, पण तो एकटा फसवतो. सहाच शब्द बोलणारं मूल सांगितलेली वस्तू आणत असेल, हवं ते बोटाने दाखवत असेल, विमान दिसलं की आधी विमानाकडे आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर त्याची भाषा मार्गाला लागलेली आहे. याउलट रंग, आकडे आणि एबीसीडी धडाधड म्हणणारं, पण हाक मारल्यावर न वळणारं मूल लवकर दाखवायला हवं. म्हणून आधी समज तपासायची, मग शब्द मोजायचे आणि त्यानंतर शब्द वाढवायच्या मागे लागायचं. हा क्रम सोडू नका.

कळतं किती, ते आधी बघा

'त्याला सगळं कळतं हो' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तपासण्याची पद्धत चुकली की निष्कर्ष चुकतो. बाबा दाराशी उभे, अंगात शर्ट, हातात किल्ली, नजर चपलेकडे, आणि म्हणतात, 'चप्पल आण.' मूल चप्पल आणतं. इथे शब्द कळला की किल्ली, दार आणि नजर कळली, हे सांगता येत नाही.

नीट तपासायचं तर टीव्ही बंद करा, पंख्याचा आवाज फार असेल तर तोही कमी करा. मूल खाऊन-झोपून ताजंतवानं असताना दोन-तीन हातांवर बसा. हात मांडीवर ठेवा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि त्या वेळेशी संबंध नसलेली वस्तू मागा: जेवणाच्या वेळी 'बॉल कुठाय?', खेळताना 'वाटी आण'. एकदाच सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. मोठी माणसं दोन सेकंदांत पुन्हा सांगतात, तिसऱ्यांदा बोट दाखवतात, आणि मूल विचार करत होतं की त्याला कळलंच नव्हतं, हे कधीच समजत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून पाच-सहा वस्तू अशा मागून बघा.

साधारण सव्वा वर्षाचं मूल हाताने खूण करून सांगितलेलं ऐकतं. दीड वर्षाचं मूल खुणेशिवाय एक साधं काम करतं. दोन वर्षांचं मूल विचारल्यावर नाक, डोळे, कान यांतले किमान दोन अवयव दाखवतं, चित्रातली मांजर दाखवतं. अडीच वर्षांच्या मुलाला 'गाडी ठेव आणि दार लाव' अशी दोन कामं एका दमात सांगता येतात.

याच्या जोडीला बोट दाखवणं बघा. साधारण सव्वा वर्षापर्यंत मूल हवी ती वस्तू बोटाने मागतं. पुढच्या तीन-चार महिन्यांत ते नुसतं दाखवायलाही बोट करतं: चंद्र, कुत्रा, खिडकीतला कावळा. त्याला चंद्र नको असतो, तुम्ही तो बघावा एवढंच हवं असतं. हे दुसरं बोट आमच्या मते पहिल्या दहा शब्दांपेक्षा मोलाचं आहे. काही मुलं बोट दाखवत नाहीत. ती मोठ्या माणसाचं मनगट धरून वस्तूपाशी नेतात आणि तोंडाकडे बघतही नाहीत. असं अधूनमधून कुठलंही मूल करतं. पण मागण्याची ती एकमेव रीत असेल, तर ती नोंदवून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

शब्द कशाला म्हणायचं

तीन अटी लावा. मूल तो आवाज स्वतःहून काढतं, दर वेळी साधारण तसाच काढतं आणि एकाच गोष्टीसाठी काढतं. उच्चार शुद्ध असण्याची अट नाही. 'पाणी'ला 'पापी' आणि 'आजोबा'ला 'बबा' म्हणत असेल तरी तो शब्दच. 'भूभू', 'हम्मा', 'काऊ', 'चिऊ', 'मम्मम', 'भूर', 'गाई गाई' हे सगळे शब्द मोजा. कुत्रा, गाय, बकरी या तिघांनाही 'भूभू' म्हणत असेल तरी एक शब्द धरा. शब्द तोकडे असले की हाताशी असलेला शब्द मूल ताणून वापरतं. काही महिन्यांनी गायीला वेगळं नाव मिळतं.

मोजायचं नाही ते असं: तुम्ही 'म्हण, फुल' म्हटल्यावर लगेच म्हटलेलं 'फुल', अर्थाशिवाय आळवलेलं 'बाबाबाबा', आणि फक्त व्हिडिओ चालू असताना निघणारे शब्द. 'वन, टू, थ्री, फोर' ही सलग माळ असेल तर ती एकच नोंद. त्यातला 'टू' दोन बिस्किटं बघून सुटा आला, तर तो वेगळा शब्द.

घरात दोन-तीन भाषा असतील तर सगळ्या मिळून मोजा. आजी मालवणी बोलते, सांभाळणारी मावशी हिंदी, पाळणाघरात इंग्रजी गाणी. मूल 'पाणी' आणि 'वॉटर' दोन्ही म्हणत असेल तर दोन शब्द. फक्त मराठीतले मोजले तर अशा मुलाचा आकडा उगाच कमी दिसतो. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समज चुकीचा आहे. पुण्यात असो, पणजीत असो वा न्यू जर्सीत, 'आता घरात फक्त इंग्रजीच बोला' हा सल्ला मानू नका. आई-वडील ज्या भाषेत मोकळेपणाने बोलतात, रागावतात, लाड करतात, ती भाषा काढून घेतली तर घरातलं बोलणंच आटतं.

आठवड्याची वही

स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद लावा आणि दोरीने पेन बांधा. पेन शोधावं लागलं तर नोंद होत नाही. चार रकाने: तारीख, मूल काय म्हणालं (जसं म्हणालं तसं), त्याला काय म्हणायचं होतं, कुठे. सात दिवस घरातल्या प्रत्येकाने लिहायचं. आजोबांनी आणि पाळणाघरातल्या ताईंनीही. घरी गप्प असणारं मूल पाळणाघरात 'माझं' म्हणून ओरडत असतं, हे अशा कागदावरच कळतं.

आठवड्यानंतर शब्दांचे गट पाडा. माणसं आणि वस्तू (आई, बॉल), क्रिया (दे, बस, पडला), मागणं-नाकारणं (नको, अजून, हवं), जागा (वर, आत), गुण (गरम, घाण, मोठा). बहुतेक घरांत पहिला गट भरलेला आणि क्रियेचा रिकामा निघतो. कारण सरळ आहे. आपण मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवून नावं शिकवतो. पण नुसत्या नावांचं वाक्य होत नाही. 'बॉल', 'आई', 'सफरचंद' एवढ्यावर मूल काय जोडणार? 'दे' आलं की 'बॉल दे', 'आई दे', 'अजून दे' अशी दारं उघडतात. म्हणून कागदावर क्रिया कमी दिसल्या तर पुढचे दोन आठवडे नवी नावं शिकवणं थांबवा आणि क्रियांवर भर द्या.

महिन्यांचे टप्पे, आणि तक्ते एकमेकांशी का जुळत नाहीत

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास 'आई', 'बाबा' किंवा तसं एखादं खास नाव येतं आणि मूल हात हलवून टाटा करतं. सव्वा वर्षाला त्याशिवाय एक-दोन शब्दांचा प्रयत्न असतो. दीड वर्षाला आई-बाबांव्यतिरिक्त किमान तीन, दोन वर्षांना दोन शब्द जोडून ('अजून दूद', 'बाबा आला'), अडीचला सुमारे ५० शब्द आणि 'मी', 'माझं'. तीन वर्षांना स्वतःचं नाव सांगणं, 'कोण', 'काय', 'कुठे' विचारणं आणि संभाषणात निदान दोनदा आलटून-पालटून बोलणं.

हे टप्पे अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ साली सुधारलेल्या यादीतले आहेत. त्या वयाची निदान ७५ टक्के मुलं जे करतात, तेवढंच त्यात घेतलं आहे. जुन्या तक्त्यांत आणि बऱ्याच स्पीच थेरपिस्टकडे 'दोन वर्षांना ५० शब्द' असं लिहिलेलं आढळतं. कुठला तक्ता सरासरी दाखवतो, कुठला 'याच्या खाली गेलं तर तपासा' ही रेघ दाखवतो, म्हणून आकड्यांत फरक पडतो. आपल्या मुलाने खालची रेघ ओलांडली नसेल तर तपासणी करायची. वरच्या तक्त्याशी झगडत बसायचं नाही. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून धरा. दोन महिने आधी जन्मलेलं मूल वाढदिवसाने दीड वर्षाचं असलं, तरी टप्प्यांसाठी ते १६ महिन्यांचं.

बोलण्याशेजारी हातापायांचे टप्पेही बघत जा. दीड वर्षाला आधाराशिवाय चालणं, झाकण नसलेल्या पेल्याने पिणं (सांडणारच), दोनला चमच्याने खाणं आणि बॉलला पाय मारणं, अडीचला दोन्ही पायांनी उडी आणि पुस्तकाचं एकेक पान उलटणं, तीनला सैल चड्डी किंवा जॅकेट स्वतः घालणं. हातापायांत आणि बोलण्यात दोन्हीकडे मागे असलेल्या मुलाची तपासणी नुसतं बोलणं उशिरा असलेल्या मुलापेक्षा लवकर व्हायला हवी.

शब्द वाढवायचे कसे

खास 'अभ्यासाची वेळ' लागत नाही. आंघोळ, जेवण, कपडे, बाहेर जाणं ही चार कामं रोज तशीच घडतात, म्हणून त्यांतले शब्द पक्के होतात. एका वेळी एकच काम निवडा आणि त्यात पाच-सहा शब्द ठरवून दोन आठवडे तेच वापरा. आंघोळीत: 'ओत', 'गरम', 'गार', 'डोळे मीट', 'पूस', 'संपलं'. कपड्यांत: 'घाल', 'काढ', 'वर', 'आत', 'अडकलं'.

एक प्रसंग जवळून बघू. २० महिन्यांची मुलगी, तांब्याने अंगावर पाणी. आई तांब्या भरते, उचलते आणि ओतत नाही. मुलीकडे बघते, भुवया उंचावते, गप्प राहते. एक, दोन, तीन, चार... मुलगी तांब्याकडे बघते, आईकडे बघते, 'ओ!' म्हणते. आई लगेच 'ओत! पाणी ओत!' म्हणत ओतते. दुसऱ्या तांब्याला पुन्हा तसंच. तिसऱ्याला मात्र थांबायचं नाही, नाहीतर आंघोळीची अडवणूक होते आणि मुलगी रडते. ही गप्प राहायची वेळ साधारण पाच ते दहा सेकंद ठेवा. घड्याळात ती छोटी असते, आईबापांना फार लांब वाटते. 'ओ'वर 'नीट म्हण, ओत म्हण' असं अडून बसलं की खेळ तिथेच मोडतो. प्रयत्न केला की वस्तू मिळायलाच हवी.

मूल एक शब्द बोललं की तुम्ही त्यात एकच जोडून परत द्या. 'पाणी' म्हणालं, तर 'पाणी हवं'. 'बाबा गेला' म्हणालं, तर 'बाबा ऑफिसला गेला'. सहा-सात शब्दांचं लांब वाक्य त्याच्या हाती लागत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, याचा फायदा घ्या: रोजचं पाठ झालेलं वाक्य शेवटच्या शब्दाआधी सोडून द्या. 'दार...' म्हणून थांबा, 'लाव' त्याला म्हणू द्या. ओळखीच्या बडबडगीताची शेवटची जागा अशीच मोकळी ठेवा.

निवड द्या. 'काय हवं?' हा प्रश्न कमी शब्दांच्या मुलाला जड जातो. एका हातात केळं, दुसऱ्या हातात चिकू धरून 'केळं की चिकू?' विचारा. नावडत्या वस्तूचं नाव नंतर घ्या, कारण बरीच मुलं शेवटी ऐकलेला शब्दच परत म्हणतात. अशाने उत्तर खरं आलं की नुसतं ऐकलेलं परत आलं, तेही कळतं.

हे सगळं बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, 'हे काय? हे काय? ते काय?' अशी दिवसभराची परीक्षा. पाहुण्यांसमोर 'काकांना म्हणून दाखव' हा त्यातलाच प्रकार. तीन प्रश्नांमागे निदान तीन वेळा नुसतं सांगा: 'काऊ बसला. काऊ उडाला. गेला!' दुसरं, मुलाने तोंड उघडण्याआधीच हातात वस्तू देणं. भरलेल्या घरात हे प्रेमापोटी होतं, चारजण धावतात. बिस्किटाचा डबा दिसेल पण पोचता येणार नाही अशा फळीवर ठेवला, खेळण्याचं झाकण घट्ट लावलं, की मागायला कारण मिळतं.

पडद्याबाबत तडजोड नको. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नाही आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, अशी आहे. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल वेगळा, तिकडून उत्तर येतं. जेवताना मोबाइल लावायची सवय सोडवायची तर आधी रात्रीच्या जेवणापासून सुरू करा. पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं हा सगळ्यात चालणारा उपाय आहे.

बोबडे बोल आणि चुकीची रूपं

प, ब, म, त, न लवकर येतात. 'काऊ'चा 'ताऊ', 'गाडी'ची 'दादी', 'रिक्षा'ची 'लिच्छा', 'बाळ'चा 'बाल' ही या वयाची नेहमीची रूपं. र, ळ, श आणि जोडाक्षरं तीन वर्षांनंतरही बसत राहतात. अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं आणि तीन वर्षांच्या मुलाचं तीन चतुर्थांश बोलणं कळायला हवं. आपण मात्र त्याची नक्कल करून 'दादी' म्हणायचं नाही. 'हो, गाडी! लाल गाडी' असं स्वच्छ परत द्यायचं.

अडीच-तीनच्या सुमारास मूल 'मी करलं', 'किडा मरला' म्हणू लागतं. 'बसला', 'पडला' यांतून त्याने नियम शोधला आणि 'केलं', 'मेला' या अपवादांवरही लावला. ही चूक दिसली की खूश व्हा. मुलगी 'मी आलो' म्हणते तेही तसंच. घरात बाबांचं आणि दादाचं ऐकून ती बोलते. 'आलीस का? ये' एवढं पुरे.

याच वयात 'मी मी मी मला दे' असं अडखळणंही दिसतं. 'सावकाश बोल, श्वास घे' असं म्हणू नका, वाक्य पुरं करू नका, डोळ्यांत बघून ऐका. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, तोंड ताणलं जात असेल, आवाज अडकून निघतच नसेल किंवा घरात कुणाला तोतरेपणा असेल, तर मात्र दाखवा.

कधी थांबायचं नाही

नऊ महिने ते एक वर्षाच्या दरम्यान नावाला प्रतिसाद नाही, पहिल्या वाढदिवसापर्यंत हातवारे नाहीत, दीड वर्षापर्यंत बोट दाखवणं किंवा एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही: यांतलं काहीही असेल तर त्या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. आलेले शब्द किंवा नजरेला नजर देणं गेलं, तर वय कोणतंही असो, वाट बघू नका. 'मुलगे उशिरा बोलतात', 'याचा काका चार वर्षांनी बोलला' ही वाक्यं घरोघरी मुलांचे सहा-सहा महिने खातात. वेखंड चाटवून भाषा येत नाही. एक वर्षाखालच्या मुलाला मध तर द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. जिभेखालचा पडदा दूध ओढण्यात किंवा काही उच्चारांत अडथळा आणू शकतो. शब्दच न येण्याचं कारण तो नसतो.

पहिली तपासणी ऐकण्याची, 'त्याला ऐकू येतं' असं वाटत असलं तरीही. दार आपटल्यावर दचकणारं मूल 'स', 'श', 'च' हे बारीक आवाज न ऐकणारं असू शकतं, त्यामुळे घरची थाळी वाजवून बघणं पुरावा धरत नाहीत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचून ऐकणं कमी-जास्त होतं, म्हणून सर्दी असताना आणि नसताना वागण्यात फरक पडतो का ते नोंदवा. कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी ओएई तपासणी काही मिनिटांत होते. आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसा कसा प्रतिसाद देतात ते मोजणाऱ्या बेरा तपासणीला मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी सकाळी लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका, दूध-खाणं केंद्राने सांगितलेल्या वेळीच द्या. मूल जागंच राहिलं तर दुसरी तारीख घ्यावी लागते.

खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी वाट आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि गरज असेल त्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथली सेवा मोफत असते. अंगणवाडीसेविकेला पुढच्या भेटीची तारीख विचारून ठेवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण यांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्डावरचे विकासाचे टप्पेही तपासून घ्या. सुई टोचली की मूल रडतं आणि सगळे निघायच्या घाईत असतात, म्हणून हे बोलणं टोचण्याआधी करा.

डॉक्टरांकडे जाताना फ्रिजवरचा कागद सोबत न्या. घरी खेळताना, जेवताना काढलेले दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या, त्यांत एकात हाक मारलेली असू द्या. दवाखान्यात बहुतेक मुलं गप्प बसतात आणि डॉक्टरांना मूल खरं कसं वागतं ते दिसत नाही. जन्माची कागदपत्रं, विशेषतः कावीळ किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिल्याची नोंद, पिशवीत ठेवा. थेरपीची तारीख महिन्या-दोन महिन्यांनी मिळाली, तर तोवर वही, आंघोळीचा तांब्या आणि दोन हातांतली निवड चालू ठेवा. थेरपिस्ट पहिल्या दिवशी नेमकं हेच विचारतात: घरी तुम्ही काय करता आणि त्यावर मूल काय करतं.